घास छातीत अडकत असेल तर: तपासणीपासून दुर्बिणीच्या इलाजापर्यंत

आमच्या आईला जेवता जेवता उठून उभं राहायची सवय लागली होती. चार घास झाले की ताट बाजूला सारायची, भिंतीला टेकून उभी राहायची, छातीच्या मधोमध तळहात दाबून धरायची आणि तांब्यातलं कोमट पाणी घटाघटा प्यायची, मग "गेलं बघ खाली" म्हणत परत बसायची. हे आम्ही घरातल्या सगळ्यांनी जवळपास दोन वर्षं बघितलं आणि एकालाही त्यात काही वेगळं वाटलं नाही. आई आयुष्यभर विड्या वळत आलेली, मांडीवर सूप घेऊन मान खाली घालून तासन् तास बसणारी, जेवण कायम घाईत, त्यामुळं वाटलं असेल ॲसिडिटी. जवळच्या डॉक्टरांनी पण तेच सांगितलं, सकाळी रिकाम्या पोटी घ्यायची गोळी सुरू केली, ती बदलून दुसरी दिली, मग तिसरी. वजन ५८ वरनं ४४ वर आलं, पहाटे उशीवर ओला डाग दिसायला लागला आणि त्या डागात आदल्या रात्रीच्या भाताची शितं होती, तेव्हा आम्हाला जाग आली.

तिला निघाला अ‍ॅकॅलेशिया. म्हणजे अन्ननलिकेची हालचाल बिघडते आणि तिच्या खालचा, पोटाच्या तोंडाचा व्हॉल्व्ह नीट उघडत नाही, तो आजार. आता ती व्यवस्थित जेवते. मी डॉक्टर नाही, पण त्या सगळ्या धावपळीत जे शिकले ते इथं लिहितेय, कारण सोलापुरातनं हे सगळं करायचं म्हणजे कुठनं सुरुवात करायची हेच आधी कळत नाही. इलाजाचा निर्णय तुमच्या पोटविकार तज्ज्ञांचाच, पण त्यांच्यासमोर बसताना काय विचारायचं एवढं तरी माहीत असायला पाहिजे.

आधी घरी बसून हे लिहून काढा

डॉक्टरांकडं गेल्यावर "जेवण अडकतंय" एवढंच सांगितलं की ॲसिडिटीची गोळी मिळते, आमचं तेच झालं. त्यामुळं एक वही घ्या आणि आठवडाभर बघून लिहा.

पहिलं म्हणजे अडकतं कुठं. घास तोंडातनं खाली ढकलतानाच ठसका लागत असेल, पाणी नाकातनं येत असेल, तर गडबड घशात आहे, आणि ती बऱ्याचदा अर्धांगवायू किंवा मेंदूच्या-नसांच्या आजारानं असते, तो रस्ता वेगळा, तिथं कान-नाक-घसा नाहीतर न्यूरोचे डॉक्टर लागतात. घास गिळला जातो पण दोन-चार सेकंदांनी छातीत बसल्यासारखा वाटतो, तर गडबड अन्ननलिकेत. एक ध्यानात ठेवा, पेशंट गळ्याच्या खड्ड्याकडं बोट दाखवतो तरी अडथळा पार खाली पोटाजवळ असू शकतो, आमची आई पण कधीकधी गळाच दाखवायची.

दुसरं सगळ्यात महत्त्वाचं. सुरुवातीला भाकरी, चपाती, मटण असं घट्टच अडकत होतं आणि मग हळूहळू मऊ भात, मग पातळ पण अडकायला लागलं, असा क्रम असेल तर नळी कुठंतरी अरुंद होत चाललीय. त्यात जुन्या जळजळीनं आलेला आवळा, म्हणजे नळी आवळून अरुंद झालेला भाग, असू शकतो आणि कॅन्सरही असू शकतो. पण पहिल्यापासूनच घट्ट आणि पातळ दोन्ही अडकत असेल, आज भाकरी जाते आणि उद्या चहा अडकतो असं काही असेल, तर नळीच्या हालचालीतच बिघाड असायची शक्यता जास्त. आईला थंड पाणी अडकायचं आणि कोमट जायचं, हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं कारण कुणी विचारलंच नाही.

तिसरं, वर काय येतं. ॲसिडिटीत आंबट-कडू येतं. अ‍ॅकॅलेशियात जे वर येतं ते पोटापर्यंत पोचलेलंच नसतं, त्यामुळं ते जसं खाल्लं तसंच येतं, चवीला आंबट लागत नाही. रात्री झोपल्यावर खोकला, सकाळी उशीवर लाळ आणि अन्न, वारंवार छातीत कफ, हे सगळं लिहा. कित्येक पेशंटची आधी टीबीची नाहीतर दम्याची तपासणी होते, आईचे पण दोन एक्स-रे त्या खोकल्यापायी झाले.

गिळताना अडकण्यापेक्षा दुखणंच जास्त असेल तर ते वेगळं सांगा, त्यात अन्ननलिकेला जखम असू शकते. काही गोळ्या, विशेषतः डॉक्सिसायक्लिनसारखी, रात्री पाण्याशिवाय गिळून लगेच आडवं झालं तर तिथंच चिकटून जखम करते.

आणि आकडा काढायचा असेल तर डॉक्टर लोक एकार्ट स्कोअर वापरतात, तो घरी पण काढता येतो. गिळायला त्रास, अन्न वर येणं आणि छातीत दुखणं, या तिन्हींना वेगवेगळे मार्क: कधीच नाही तर ०, अधूनमधून १, रोज २, प्रत्येक जेवणाला ३. चौथं वजन: कमी झालं नसेल तर ०, ५ किलोच्या आत १, ५ ते १० किलो २, १० च्या वर ३. एकूण १२ पैकी. ३ च्या वर गेला की आजार जोरात आहे असं धरतात. आईचा ९ होता. हा आकडा लिहून ठेवा, इलाज झाल्यावर परत हाच काढायचाय.

हे झालं तर वाट बघत बसू नका

घास अडकला आणि स्वतःची थुंकी पण गिळता येईना, तोंडातनं लाळ गळायला लागली, तर ते इमर्जन्सी आहे. त्याच दिवशी, खरं तर काही तासांत, दुर्बीण घालून तो घास काढावा लागतो. आपल्याकडं लगेच "केळं खा, भाताचा गोळा गिळ, म्हणजे ढकललं जाईल" म्हणतात, कृपा करून असलं काही करू नका, वरनं ढकललेलं अजून घट्ट बसतं आणि श्वासनलिकेत जायचा धोका वेगळाच. रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी संडास, भरभर उतरणारं वजन, हिमोग्लोबिन कमी, चाळिशी-पन्नाशीनंतर नव्यानं सुरू झालेलं अडकणं, यातलं काही असेल तर गोळ्या खात बसायचं नाही, आधी दुर्बीण. तंबाखू, मावा, मिसरी असेल तर अजूनच लवकर. आमच्या गल्लीत विड्या वळणाऱ्या बायकांची निम्मी घरं, मिसरी लावणाऱ्या कितीतरी, म्हणून हे मुद्दाम लिहितेय.

घरात कुणी, विशेषतः लहान मुलानं, चुकून संडास साफ करायचं ॲसिड प्यालं तर उलटी करवू नका, थेट हॉस्पिटल गाठा. जळलेली नळी नंतर काही आठवड्यांनी आवळत जाते, तो वेगळाच लांबचा इलाज आहे.

तपासण्या तीन, आणि त्यांचा क्रम

पहिली एन्डोस्कोपी, म्हणजे तोंडातनं घालायची दुर्बीण. सोलापुरात ही सहज होते, खासगीत पोटविकार तज्ज्ञांकडं, आणि पैशाची अडचण असेल तर आधी सिव्हिलमध्ये चौकशी करा. हिचं पहिलं काम म्हणजे कॅन्सर, आवळा, जखम नाही ना हे बघणं. दुर्बीण घातलीच आहे तर नळीचे तुकडे तपासायला घ्यायला सांगा, कारण एक ॲलर्जीचा प्रकार असतो, इओसिनोफिलिक इसोफॅजायटिस, तो नळी वरवर नीट दिसत असताना पण तुकड्यातच सापडतो. आणि हे नीट ऐका: अ‍ॅकॅलेशिया सुरुवातीला असेल तर दुर्बिणीचा रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो. आईचा पहिला रिपोर्ट नॉर्मलच होता आणि आम्ही आनंदानं घरी आलो होतो. रिपोर्ट नॉर्मल आणि त्रास तसाच, तर तिथं थांबायचं नाही, पुढच्या दोन तपासण्या मागायच्या.

अजून एक, घास अडकणाऱ्या पेशंटला दुर्बिणीआधी नुसतं रात्रभर उपाशी ठेवून भागत नाही. नळीत दोन दोन दिवसांचं अन्न साठलेलं असतं. डॉक्टरांना आधीच सांगा की वर अन्न येतं, ते दोन-तीन दिवस नुसतं पातळ खायला सांगतील, नाहीतर बेशुद्धीत ते अन्न फुफ्फुसात जायची भीती असते.

दुसरी बेरियम स्वॅलो. उभं राहून पांढरं खडूसारखं औषध प्यायचं आणि एक्स-रे काढायचे. अ‍ॅकॅलेशियात नळी वर फुगलेली आणि खाली चोचीसारखी निमुळती दिसते, रेडिओलॉजिस्ट त्याला बर्ड बीकच म्हणतात. यातला टाइम्ड बेरियम नावाचा प्रकार करून घ्या, म्हणजे १, २ आणि ५ मिनिटांनी फोटो काढतात आणि औषधाचा थर किती उंच उरलाय ते मोजतात. पाच मिनिटांनंतर पण आईच्या नळीत ते औषध तसंच उभं होतं, मॉनिटरवर ते बघितलं आणि माझ्या पोटात खड्डा पडला, कारण दोन वर्षं तिचं प्रत्येक जेवण असंच उभं राहत होतं.

तिसरी मॅनोमेट्री. हिच्यासाठी बहुतेकांना पुणे, हैदराबाद नाहीतर मुंबई गाठावी लागते, तरी आधी सोलापुरातच विचारून घ्या, सोय वाढत चाललीय. नाकातनं बारीक नळी पोटापर्यंत घालतात, भूल नाही, पेशंट पूर्ण जागा असतो आणि आडवं झोपून साधारण १० वेळा ५-५ मिली पाण्याचे घोट घेतो. नळी जाताना डोळ्यांत पाणी येतं, ओकारी येते, हे खरं, पण एकदा बसली की सहन होतं. आईला मी आधीच सांगून ठेवलं होतं की लांब श्वास घे आणि सांगतील तेव्हा गिळ, त्यानं बरंच सोपं गेलं. हिच्यात खालचा व्हॉल्व्ह गिळताना ढिला पडतो का ते आकड्यात कळतं. आयआरपी असं लिहिलेलं असतं, तो बऱ्याच मशिनवर १५ च्या वर गेला की व्हॉल्व्ह उघडत नाही असा अर्थ. आणि अ‍ॅकॅलेशियाचा टाइप कळतो, १, २ किंवा ३. या टाइपवर पुढचा इलाज ठरतो, म्हणून ही तपासणी टाळून थेट इलाजाला कुणी घेत असेल तर का ते विचारा.

आत होतं काय, थोडक्यात

अन्ननलिका साधारण २५ सेंटीमीटरची. घास गिळला की वरनं खाली एक लाट येते आणि शेवटचा व्हॉल्व्ह, म्हणजे पोटाच्या तोंडाचा स्नायू, ढिला पडून वाट देतो. अ‍ॅकॅलेशियात त्या भिंतीतल्या नसांच्या पेशी मरून जातात, लाट येत नाही आणि व्हॉल्व्ह दुकानाच्या गंजलेल्या शटरसारखा अर्धवट अडकून बसतो. का मरतात याचं पक्कं उत्तर नाही. आजार तसा दुर्मिळ, वर्षाला लाखात एखादा नवा पेशंट.

मेलेल्या पेशी परत येत नाहीत. सगळे इलाज फक्त शटर उघडं करतात, लाट परत आणत नाहीत, म्हणून इलाजानंतर पण अन्न स्वतःच्या वजनानंच खाली उतरतं. हे आधी समजून घेतलं की नंतर "ऑपरेशन करून पण पाणी प्यावं लागतं, फेल गेलं वाटतं" अशी घालमेल होत नाही.

इलाज कुठला निवडायचा

कल्पना फार जुनी आहे. १६७४ साली थॉमस विलिस नावाच्या इंग्रज डॉक्टरनं देवमाशाच्या हाडाला स्पंज बांधून एका पेशंटचा घास खाली ढकलायची सोय केली होती. आज हातात चार गोष्टी आहेत.

बोटॉक्सचं इंजेक्शन, दुर्बिणीतनं व्हॉल्व्हच्या चारी बाजूंना. सोपं आणि कमी धोक्याचं, पण सहा महिने ते वर्षभरात बऱ्याच जणांना परत त्रास सुरू होतो, आणि वारंवार घेतलं तर तिथं व्रण होऊन पुढचं ऑपरेशन अवघड जातं. खूप म्हाताऱ्या, हार्टचा गंभीर त्रास असलेल्या, भूल न झेपणाऱ्या पेशंटसाठी ठीक. आईला हे पहिल्यांदा सुचवलं होतं, ती तेव्हा ५६ ची, धडधाकट, आम्ही दुसरं मत घेतलं आणि ते घेतलं हे बरं झालं.

बलून. ३० मिलिमीटरचा मजबूत फुगा व्हॉल्व्हमध्ये नेऊन फुगवतात, म्हणजे स्नायूचे धागे तुटतात. पुरलं नाही तर पुढच्या वेळी ३५, मग ४०. कापाकापी नाही, खर्च त्या मानानं कमी, पण परत परत करावं लागू शकतं आणि शंभरातल्या दोन-चार जणांच्या नळीला भोक पडायचा धोका असतो, म्हणून जिथं लगेच ऑपरेशन करायची सोय आहे तिथंच करायचं. नुसत्या क्लिनिकमध्ये बलून करून घेऊ नका, कितीही जवळ असलं तरी.

पोएम, म्हणजे पर ओरल एन्डोस्कोपिक मायोटॉमी. जपानमधल्या योकोहामाच्या हारुहिरो इनोउए यांनी २००८ मध्ये माणसावर पहिल्यांदा केलं आणि २०१० मध्ये छापलं. पूर्ण भूल देतात. नळीच्या आतल्या अस्तराखाली निळं रंगवलेलं पाणी सोडून ते उचलतात, छोटी चीर देऊन दुर्बीण त्या अस्तराच्या आणि स्नायूच्या मधल्या फटीत शिरते, बोगदा करत पोटापर्यंत जाते, मग आतनंच व्हॉल्व्हचा स्नायू कापतात, पोटाच्या बाजूला दोन-तीन सेंटीमीटर पुढंपर्यंत, आणि बाहेर येताना चीर क्लिपांनी बंद करतात. पोटावर एकही टाका नाही. टाइप ३ मध्ये, जिथं नळी वरपर्यंत आखडते, तिथं कट हवा तेवढा लांब घेता येतो, म्हणून त्या टाइपला पोएमच जास्त सुचवतात.

चौथं दुर्बिणीचं नाही, पोटाला भोकं पाडून करायचं लॅपरोस्कोपिक हेलर ऑपरेशन. अर्न्स्ट हेलर यांनी १९१३ मध्ये पोट उघडून केलं होतं, आता कॅमेऱ्यानं होतं. यात स्नायू कापल्यावर पोटाचा थोडा भाग नळीभोवती गुंडाळतात म्हणजे ॲसिड वर येत नाही.

आता आकडे. २०१९ मध्ये दोन मोठे अभ्यास आले. एकात पोएम आणि बलूनची तुलना होती, दोन वर्षांनी पोएमवाले ९२ टक्के चांगले होते आणि बलूनवाले ५४ टक्के. दुसऱ्यात पोएम आणि हेलर, दोन्ही साधारण सारखेच, ८३ आणि ८२ टक्के. पण ॲसिडनं नळीला झालेली जळजळ दोन वर्षांनी पोएमवाल्यांत ४४ टक्के आणि हेलरवाल्यांत २९ टक्के दिसली. म्हणजे पोएमची किंमत ॲसिडिटीच्या रूपानं मोजावी लागू शकते, आणि हे कुणीतरी आधी तोंडानं सांगायला पाहिजे. टाइप २ असेल तर बलून, पोएम, हेलर तिन्ही चांगलं काम करतात, तिथं घाबरायचं कारण कमी. आईचा टाइप २ होता, बलून परत परत करायला दर वेळी गाव सोडून जाणं तिला झेपणारं नव्हतं म्हणून आम्ही पोएम धरलं. माझं मत विचाराल तर डॉक्टरांचा हात कुठल्या पद्धतीवर बसलाय ते बघा, ज्यानं पोएम शेकड्यानं केलेत त्याच्याकडं पोएम, नाहीतर चांगला हेलर करणारा सर्जन बरा.

अ‍ॅकॅलेशिया नसून जुन्या ॲसिडनं किंवा जळण्यानं आलेला आवळा असेल तर वेगळं काम असतं, त्यात मेणबत्तीसारखे वाढत्या जाडीचे डायलेटर किंवा छोटा बलून वापरून थोडं थोडं रुंद करत नेतात, एका बैठकीत फार ताणत नाहीत, दर दोन-तीन आठवड्यांनी बोलावतात, आणि साधारण १५ मिलिमीटरपर्यंत आलं की भाकरी-भाजी जायला लागते. मधल्या बैठका बुडवू नका, बुडवलं की परत पहिल्यापासून. रक्त कमी असलेल्या बायकांत नळीच्या वरच्या भागात पातळ पडदा येतो, तो दुर्बिणीनं फाटतो आणि लोहाच्या गोळ्या घ्याव्या लागतात. कॅन्सर निघाला आणि ऑपरेशन जमत नसेल तर जाळीचा स्टेंट घालून निदान गिळायची वाट मोकळी करतात, कॅन्सरच्या इलाजाला आपल्याच जिल्ह्यात बार्शीचं नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आहे.

बाहेरगावी जायच्या आधी

पुणे अडीचशे किलोमीटर, हैदराबाद तीनशेच्या आसपास, दोन्ही एकाच हायवेवर उलट्या दिशेला. रेल्वेनं पुण्याला हुतात्मा एक्सप्रेस किंवा सकाळची वंदे भारत, आणि मुंबईला वंदे भारत बरी पडते. हैदराबादला भाषेची चिंता कमी, कारण सोलापुरात तेलुगू बोलणारं कुणीतरी शेजारी असतंच, आमच्याबरोबर शेजारच्या काकू आल्या होत्या आणि नर्सबरोबर सगळं त्याच बोलल्या.

फोनवरच विचारून घ्या: मॅनोमेट्री तिथंच होते का, पोएम कोण करतं आणि आतापर्यंत किती केलेत, रात्री काही झालं तर सर्जन आत आहे का, पहिल्या दिवशीच तारीख मिळेल का दोन फेऱ्या होतील. खर्चाचा कागद लेखी मागा आणि त्यात भूल, क्लिपा, आतला चाकू, रूम, तपासण्या धरल्यात का ते एक एक करून विचारा, कारण एकदाच वापरायच्या सामानाचं बिल बऱ्याचदा वेगळं निघतं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत वर्षाला ५ लाखांपर्यंत कव्हर आहे, पण तुमचा नेमका इलाज पॅकेजमध्ये बसतो का हे हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला इलाजाचं नाव लिहून दाखवून विचारा. ही योजना महाराष्ट्राची, हैदराबादला चालेल असं धरून जाऊ नका. मेडिक्लेम असेल तर कॅशलेसची परवानगी निघायच्या आधी.

बरोबर काय न्यायचं: सगळे जुने रिपोर्ट, बेरियमची सीडी, औषधांची यादी. रक्त पातळ करायची गोळी असेल तर ती किती दिवस आधी थांबवायची हे तुमच्या हार्टच्या डॉक्टरांना विचारून मगच, स्वतःच्या मनानं नाही.

त्या दिवशी काय होतं

आधीचे दोन-तीन दिवस पातळ. आम्ही तांदळाची पेज, गाळलेलं वरण, नारळपाणी यावर ठेवलं. आईला अन्न टाकून बसायची सवय नाही, ती सारखी "थोडं दही-भात देते का" म्हणायची, तेवढं एक मात्र कडक राहायला लागलं. भूल देणाऱ्या डॉक्टरांना तुम्ही स्वतः सांगा की हिच्या नळीत अन्न साठतं, फाइलमध्ये लिहिलंय म्हणून गप्प बसू नका.

आत साधारण दीड-दोन तास गेले. बाहेर आणल्यावर आईच्या मानेवर हात ठेवला तर कातडीखाली चुरचुर लागली, मूठभर चुरमुरे दाबल्यासारखी. मी घाबरून ओरडलेच. डॉक्टरांनी समजावलं की आत कार्बन डायऑक्साइड सोडतात, तो थोडा मानेपर्यंत जातो आणि आपोआप जिरतो, आणि खरंच दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी नाहीसा झाला. दुसऱ्या दिवशी परत औषध पाजून एक्स-रे काढतात, कुठं गळती नाही ना बघतात, मग पाणी. पहिला घोट आईनं अगदी ओठांना लावून घेतला, थांबली, नेहमीसारखा हात छातीकडं गेला, आणि तिनं तो परत खाली ठेवला. "गेलं की गं", एवढंच म्हणाली. दोन-तीन दिवसांत सोडतात.

छातीत थोडं दुखणं दोन-चार दिवस चालतं. पण ताप, वाढत जाणारं छातीचं दुखणं, धाप, रक्ताची उलटी किंवा काळी संडास झाली तर सोलापूरला पोचला असलात तरी लगेच जिथं केलं तिथं फोन करा आणि इथल्या मोठ्या हॉस्पिटलात जा. निघताना रात्री उचलला जाणारा नंबर मागून घ्या.

घरी आल्यावर

पहिला आठवडा पातळ आणि मऊ, म्हणजे पेज, मऊ खिचडी, वरण, मग दोन आठवड्यांच्या आसपास डॉक्टर सांगतील तसं भाकरी दुधात किंवा आमटीत कुस्करून. कडक भाकरी आणि शेंगाचटणी आईला लगेच हवी होती. तिला ती जवळपास दीड महिन्यानं दिली, तीपण तुकडा लहान, चावून चावून, बरोबर पाणी. जेवताना सरळ बसायचं, आडवं व्हायचं ते तीन तासांनंतर. रात्रीचं जेवण आमच्याकडं साडेनऊला असायचं ते सात वाजता आणलं, हे घरात सगळ्यात अवघड गेलं, पण केलं.

पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली एक एक वीट घातली. नुसत्या दोन उश्या घेतल्या तर पोट मुडपतं आणि उलट जास्त वर येतं, पलंगच वर पाहिजे. ॲसिडची गोळी डॉक्टर सांगतील तोपर्यंत बंद करायची नाही, जळजळ होत नसली तरी, कारण कित्येकांना आत जखम असून पण काही जाणवत नाही.

फॉलोअपला साधारण तीन-सहा महिन्यांनी परत टाइम्ड बेरियम आणि पुढं एक एन्डोस्कोपी ठरवतात, ॲसिडनं काही झालंय का बघायला. ती एन्डोस्कोपी सोलापुरातच होते, रिपोर्ट फक्त तिकडच्या डॉक्टरांना पाठवायचा, दर वेळी गाडी पकडायची गरज नाही. बरीच वर्षं आजार असलेल्यांत नळीच्या कॅन्सरचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो, तेव्हा किती वर्षांनी दुर्बीण करायची हे विचारून वहीत लिहून ठेवा. आणि दर दोन-तीन महिन्यांनी तोच एकार्ट स्कोअर काढा. आईचा ९ वरनं १ वर आलाय, तो एक मार्क वर्षात कधीतरी घाईत खाल्लेल्या घासाचा. ३ च्या वर परत गेला तर लाजू नका, "एकदा केलंय ना" म्हणून घरात बसू नका, बलून किंवा दुसऱ्यांदा पोएम करता येतं. आमच्या वहीत पुढची तारीख सोलापूरच्या गड्डा यात्रेनंतरच्या आठवड्याची आहे, यात्रेच्या दिवसांत आई कुठं हलत नाही.